मुतखड्याची कळ आणि उलट्या : दवाखाना लांब असेल तर औषध कोणतं आणि कसं द्यावं?

कोकणसडा
नमस्कार मंडळी. आमच्या ह्यांना डाव्या मूत्रवाहिनीत ६ मिमीचा खडा आहे. सीटी स्कॅनमध्ये तो अगदी खाली, मूत्राशयाच्या तोंडाशी दिसला. यूरॉलॉजिस्ट म्हणाले, चार ते सहा आठवडे वाट बघू, आपोआप पडेल अशी आशा आहे. खडा पडायला मदत म्हणून रात्री टॅमसुलोसिन, दुखलं तर डायक्लोफेनॅकची गोळी आणि उलटीसाठी ओंडानसेट्रॉन, अशी औषधं दिली आहेत.

अडचण अशी की कळ आली की पाठोपाठ उलट्या सुरू होतात. गोळी घेतली की पडते. दुसरी द्यावी तर आधीची किती पोटात गेली ते कळत नाही. आम्ही दापोली तालुक्यात बरेच आत राहतो, चिपळूणला पोचायचं म्हणजे दोन तास सहज जातात आणि पावसात त्याहून जास्त. मागच्या वेळी गाडीत जमिनीवर बसून कण्हत होते, सीटवर बसवेना.

दवाखान्यात पोचेपर्यंतच्या वेळात काय करता येतं? आधी उलटीचं औषध की आधी दुखण्याचं? ज्यांनी हे भोगलंय किंवा घरच्यांचं बघितलंय त्यांनी कृपया लिहा. डॉक्टरांची पुढची भेट आठ दिवसांनी आहे, तिथे नेमकं काय विचारायचं तेही सांगा.

रानभूल
वाचतेय. माझ्या भावाला हाच त्रास आहे. धागा काढलात ते फार बरं केलंत.

वऱ्हाडी_पाऊल
ताई, तुमच्या ह्यांचं दुःख मला पुरतं समजतं. आमच्या अकोल्याकडे उन्हाळा सुरू झाला की घरटी एक माणूस कमरेवर हात ठेवून फिरताना दिसते. मी स्वतः दोनदा यातून गेलोय.

पहिल्या वेळी शेजारच्यांनी पोटदुखीची म्हणून सायक्लोपाम दिली. तिनं काहीच झालं नाही. पाय दुमडून झोपा, उभे राहा, भिंतीला टेका, कशानंच बरं वाटत नाही. पोटात दुसरं काही दुखत असलं तर माणूस निपचित पडून राहते, मुतखड्यात ते एका जागी थांबूच शकत नाही. शेवटी दवाखान्यात कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मी माणसात आलो. विशेष म्हणजे उलटीचं औषध देण्याआधीच मळमळ थांबली होती. असं का, ते जाणकारांनी सांगावं.

पाटावरवंटा
आमच्या घरात तीन पिढ्या हुलग्याचं कढण देतात. मूठभर हुलगे रात्री भिजवायचे, सकाळी भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी गाळून प्यायचं, चवीला जिरं. पानफुटीची दोन पानंही सकाळी चावून खायची. माझ्या दिरांचे खडे याने पडले. इंजेक्शनं घेऊन दुखणं दाबण्यात काय अर्थ आहे? खडा पडायला हवा ना?

डॉ_मृगधारा
मी पुण्यात आपत्कालीन विभागात काम करते, हे दुखणं जवळजवळ रोज बघते. तुमच्या रुग्णाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे पुढे लिहिते ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून.

आधी वऱ्हाडी_पाऊल यांचा प्रश्न, कारण सगळ्याचं मूळ त्यात आहे. मूत्रवाहिनी जेमतेम ३ ते ४ मिमी रुंद असते. खडा अडकला की वरचं मूत्र तुंबतं, मूत्रपिंड फुगतं आणि त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं. खरी कळ त्या ताणाची. त्यात मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं. त्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा वाढतो, मूत्र आणखी तयार होतं, दाब आणखी वाढतो. मूत्रवाहिनीही आवळते. हे चक्र आपणहून लवकर थांबत नाही.

डायक्लोफेनॅक, कीटोरोलॅक, आयबुप्रोफेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच अडवतात. म्हणजे ती दुखण्याची जाणीव बधिर करून थांबत नाहीत, दुखण्याच्या कारणावर काम करतात. पाटावरवंटाताई, म्हणूनच इंजेक्शन म्हणजे नुसतं दुखणं दाबणं, असं म्हणता येणार नाही.

मळमळीचं कारण वेगळं नाही. मूत्रपिंडाच्या आणि जठराच्या संवेदना वाहणाऱ्या नसा पोटातल्या एकाच जाळ्यातून जातात. मूत्रपिंडावर ताण आला की जठरही ढवळतं. पोटात काही बिघडलेलं नसतं, त्यामुळे पित्ताची गोळी, सोडा, लिंबूपाणी यांचा उपयोग होत नाही. वेदना उतरली की बहुतेकांची मळमळ उतरते.

म्हणून कोकणसडाताई, 'आधी कोणतं' याचं माझं उत्तर: दुखण्याचं औषध, पण जठर टाळून. इंजेक्शन हा एक मार्ग. दुसरा गुदमार्गे ठेवायची डायक्लोफेनॅकची कांडी, म्हणजे सपोझिटरी. आपल्याकडे लाजेपोटी ती कुणी मागत नाही आणि डॉक्टरही सहसा सुचवत नाहीत. उलट्या होणाऱ्या, दवाखान्यापासून लांब राहणाऱ्या माणसासाठी ती घरात असणं फार मोलाचं आहे. तुमच्या यूरॉलॉजिस्टना भेटीत हेच विचारा: "सपोझिटरी लिहून द्याल का, किती मिलिग्रॅमची, आणि दिवसात कमाल किती?" आठ दिवस थांबायलाही नको, फोनवर विचारा.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. कळेसोबत थंडी वाजून ताप आला तर घरी काहीही देत बसू नका. तुंबलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला की काही तासांत जीवावर बेततं. तिथे वेदनाशामकाने बरं वाटून वेळ गेला तर नुकसान होतं. स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) टाकून किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेलं मूत्र मोकळं करावं लागतं.

रानभूल
डॉक्टर, इतकं नीट कुणीच समजावलं नव्हतं. भावाला हा प्रतिसाद पाठवला.

राइनकाठ
जर्मनीतला अनुभव. इथे कळ आली तेव्हा रुग्णवाहिका बोलावली आणि दवाखान्यात शिरेतून नोव्हाल्जिन दिलं, म्हणजे मेटामिझोल. आपल्याकडे याला ॲनाल्जिन म्हणतात. छान उतार पडला. माझी स्वीडनमधली मैत्रीण म्हणाली की तिथे हे औषध मिळतच नाही. भारतातही मधे बंदी आली होती ना? इथे सर्रास देतात, मग गडबड काय आहे?

औषधपेठ
मी औषध दुकान चालवतो, सांगलीत. ॲनाल्जिनवर आपल्याकडे २०१३ मध्ये बंदी आली आणि २०१४ मध्ये अटी घालून ती उठवली. क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याने एकदम घटतात, म्हणून काही देशांनी ते बाद केलं आणि काहींनी सांभाळून ठेवलं.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. मुतखड्याचा पेशंट दुकानात येतो तेव्हा त्याच्या खिशात तीन प्रकारच्या गोळ्या आधीच असतात आणि त्या तिन्हींत एकाच जातीचं औषध असतं. मेफ्टाल-स्पासमध्ये २५० मिग्रॅ मेफेनॅमिक ॲसिड आहे, तेही डायक्लोफेनॅकच्याच कुळातलं. ड्रोटिन-एममध्येही मेफेनॅमिक ॲसिड. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन. झिरोडॉल-एसपीमध्ये एसिक्लोफेनॅक. सकाळी एक, दुपारी दुसरी, संध्याकाळी दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, असं झालं की जठराला आणि मूत्रपिंडाला तिप्पट मार बसतो. पेशंट म्हणतो, "मी तर एकेकच घेतली!"

पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचू नका, खालची बारीक अक्षरं वाचा. दवाखान्यात गेलात तर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.

सायक्लोपाममध्ये डायसायक्लोमिन आणि पॅरासिटामॉल असतं. पेटका सोडवणारं औषध म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवतात, पण मुतखड्याच्या कळेत वऱ्हाडी भाऊंना आला तोच अनुभव बहुतेकांना येतो.

दोहाकर
मी कतारमध्ये परिचारिका आहे. इथे उन्हात काम करणारे आपले, नेपाळी, बांगलादेशी कामगार हीच कळ घेऊन येतात. या दुखण्यावरचा एक मोठा अभ्यास दोह्याच्या हमद रुग्णालयातच झाला, २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १,६४५ रुग्णांना तीन गटांत विभागलं: एका गटाला स्नायूत ७५ मिग्रॅ डायक्लोफेनॅक, दुसऱ्याला शिरेतून मॉर्फिन, तिसऱ्याला शिरेतून १ ग्रॅम पॅरासिटामॉल. अर्ध्या तासात वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली असे रुग्ण डायक्लोफेनॅकच्या गटात ६८ टक्के, पॅरासिटामॉलच्या गटात ६६ आणि मॉर्फिनच्या गटात ६१ टक्के निघाले. नंतर आणखी औषध द्यावं लागलं ते सगळ्यात कमी डायक्लोफेनॅकवाल्यांना.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पॅरासिटामॉल. तापाची साधी गोळी म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत. ज्यांना डायक्लोफेनॅक चालत नाही त्यांच्यासाठी सलाइनमधून दिलेलं पॅरासिटामॉल हा मोठा आधार आहे. आणि मॉर्फिन, ट्रामाडॉल, पेथिडिन या जातीच्या औषधांनी मुळातच मळमळतं, आधीच उलट्या होणाऱ्या माणसाला त्यांनी अजून ढवळतं. म्हणून ती पहिल्या पसंतीची नाहीत.

पंचगंगा
आमच्याकडं लई लोक सांगत्यात की दोन बाटल्या बीर मारली की खडा धुवून निघतो. आमच्या तालमीतल्या एका पैलवानानं तेच केलं आणि रात्रभर सगळ्या गल्लीला जागवलं. खरंखोटं काय ते सांगा, डॉक्टर.

पाटावरवंटा
बिअरपेक्षा हुलगे बरे. निदान गल्ली तरी झोपेल.

वऱ्हाडी_पाऊल
:D आजी, जिंकलात.

डॉ_मृगधारा
पंचगंगा, त्या पैलवानाचं दुखणं वाढणारच होतं. वाट बंद असताना वरून लघवीचा लोंढा आणला तर ताणच वाढतो. बिअरच काय, कळ चालू असताना तांब्याच्या तांब्या पाणी पाजणंही टाळा, आणि दवाखान्यात गेल्यावर "सलाइनच्या दोन बाटल्या लावा म्हणजे खडा निघेल" असा आग्रहही धरू नका. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तेवढं भरून काढायला सलाइन लागतं. खडा ढकलायला त्याचा उपयोग होत नाही. भरपूर पाणी हा पुढचा खडा टाळण्याचा उपाय आहे. त्यासाठी रोज दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं, आणि ते कळ नसताना.

पाटावरवंटाताई, तुमच्या कढणाला माझा विरोध नाही. पथ्याला हुलगे चांगलेच. पण ५ मिमीपर्यंतचे खडे साधारण तिघांपैकी दोघांचे आपोआप पडतात, ५ ते १० मिमीमधले निम्म्याच्या आसपास. त्या दिवसांत जे काही खाल्लं-प्यालं, श्रेय त्याला मिळतं. माझी विनंती इतकीच: कळ चालू असताना, उलट्या होत असताना कढण पाजू नका आणि त्यासाठी दवाखान्यात जायचं थांबवू नका.

पाटावरवंटा
हे पटलं. कळेत काहीच पोटात राहत नाही हे दिरांच्या वेळीही बघितलंय. कढण नंतर.

चिंचपेटी
मला एक भीती आहे. सगळीकडे वाचते की वेदनाशामकांनी किडनी खराब होते. इथे तर किडनीचंच दुखणं आणि तिलाच मारणारं औषध! शिवाय डायक्लोफेनॅकनेच गिधाडं संपली असंही ऐकलंय. पक्ष्यांना मारणारं औषध माणसाला कसं द्यायचं?

गवतरान
गिधाडांचं मी सांगतो, पक्षीनिरीक्षण करतो. गुरांना डायक्लोफेनॅक टोचलेलं असायचं, ती मेली की गिधाडं ते मांस खायची. गिधाडाचं मूत्रपिंड इतकं नाजूक की थोड्या मात्रेनेही बंद पडतं आणि सगळ्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसतो. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झालं. २००६ मध्ये आपल्या सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यावर बंदी घातली. मग लोक माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरू लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या एका मात्रेपुरत्या कुपीतच विकायचं असा नियम आला. २०२३ मध्ये एसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही जनावरांसाठी बंदी आली. गावी राहणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, घरात उरलेलं इंजेक्शन गाईबैलांना देऊ नका. रायगडात थोडी गिधाडं उरली आहेत, ती आपल्या हातात आहेत.

औषधपेठ
गवतरान, शंभर टक्के सहमत. माझ्याकडे अजूनही बैलासाठी म्हणून मागायला येतात. देत नाही. त्यांना मेलॉक्सिकॅम सांगतो, ते गिधाडांना चालतं.

डॉ_मृगधारा
चिंचपेटी, भीती रास्त आहे, पण ती योग्य जागी हवी. मूत्रपिंडं मुळात ठणठणीत असतील तर दोनतीन दिवसांच्या डायक्लोफेनॅकने ती खराब होत नाहीत. वर्षानुवर्षं कंबरदुखीसाठी रोज गोळी खाणाऱ्यांचं जे होतं त्याच्याशी याची गल्लत होते.

मात्र काहींना ते द्यायचंच नाही, किंवा तज्ज्ञाच्या सांगण्याशिवाय नाही: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं आहे, एकच मूत्रपिंड आहे, जठरात अल्सर आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, हृदयविकार आहे, ॲस्पिरिनने दमा उसळतो, किंवा बाई गरोदर आहे. यातलं काहीही असेल तर दवाखान्यात शिरल्याशिरल्या, कुणी विचारायची वाट न बघता सांगा. कळेत कण्हणारा माणूस ते सांगत नाही, सोबतच्याने सांगायचं.

साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली तर 'मुतखडाच असेल' असं धरून घरी थांबू नका. पोटातली महाधमनी फुगली किंवा फाटली तरी दुखणं असंच येतं.

सह्यवाट
मी भावाला एक मूत्रपिंड दिलंय. उरलेल्याच्या नळीत खडा अडकला. माझ्या डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलं होतं: डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन काहीही नको, लघवी बंद झाली तर थेट दवाखाना. तिथे शिरेतून पॅरासिटामॉल, ओंडानसेट्रॉन आणि त्याच दिवशी स्टेंट. ज्यांनी अवयवदान केलंय त्यांनी हे कागदावर लिहून पाकिटात ठेवावं. तातडीच्या वेळी नवीन डॉक्टरला ते ठाऊक नसतं.

लेकुरवाळी
मला सातव्या महिन्यात कळ आली होती. सासूबाईंना वाटलं कळाच सुरू झाल्या. मला पॅरासिटामॉल आणि उलटीचं इंजेक्शन दिलं. डायक्लोफेनॅक अजिबात नाही, कारण पाचव्या महिन्यानंतर त्याने बाळाची लघवी आणि त्यामुळे गर्भजल कमी होऊ शकतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. सीटी स्कॅनही नाही, सोनोग्राफीवरच भागवलं. बाळ आता अंगणवाडीत जातंय.

शंकासुर
सगळे डायक्लोफेनॅकवर बोलताहेत, पण टॅमसुलोसिनचं काय? मी जे वाचलं त्यावरून ते बिनकामाचं आहे. ब्रिटनमध्ये १,१६७ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये निकाल आला. टॅमसुलोसिन घेणारे आणि नुसती साखरेची गोळी घेणारे, दोन्हीकडे साधारण ८० टक्के लोकांना पुढे काही करावं लागलं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ५१२ रुग्णांच्या अभ्यासातही फरक दिसला नाही. मग आपल्याकडचे डॉक्टर सरसकट का लिहितात?

डॉ_मृगधारा
शंकासुर, आकडे बरोबर आहेत, पण पुढचं वाक्य राहिलं. त्या अभ्यासांत लहान खडे भरपूर होते आणि लहान खडे औषधाविना पडतातच. फायदा दिसतो तो ५ मिमीपेक्षा मोठ्या आणि मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात अडकलेल्या खड्यांत. तिथल्या स्नायूंत या औषधाला प्रतिसाद देणारी केंद्रं जास्त असतात. कोकणसडाताईंच्या ह्यांचा खडा ६ मिमीचा आणि अगदी खालचा आहे, म्हणजे त्यांना ते देण्यात अर्थ आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१९ ची मार्गदर्शिकाही १० मिमीच्या आतल्या, खालच्या खड्यांसाठी या जातीच्या औषधाचा विचार करा असं सांगते. तीच मार्गदर्शिका कळेसाठी डायक्लोफेनॅकच्या कुळाला पहिलं स्थान देते आणि पेटक्याची औषधं देऊ नका म्हणते. ४ मिमीच्या खड्याला टॅमसुलोसिन न लिहिणारा डॉक्टर निष्काळजी नाही, एवढं मात्र तुमच्या बाजूने.

टॅमसुलोसिन तात्काळ वेदनाशामक नाही. कळ आल्यावर जास्तीची गोळी घेऊ नका. अंथरुणातून एकदम उठलं की चक्कर येते, म्हणून रात्री घ्या आणि सावकाश उठा. पुरुषांना वीर्य बाहेर न येण्याचा अनुभव येतो, औषध थांबवलं की पूर्ववत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर नेत्रतज्ज्ञांना ही गोळी आवर्जून सांगा.

मावळतीचा_वारा
दुकानदार बायकोला म्हणाला, "वहिनी, ही तर प्रोस्टेटची गोळी, साहेबांची दिसतेय." खडा तिचा होता! ती गोळी न घेताच घरी आली. चिठ्ठी नीट वाचल्यावर मग सुरू केली.

औषधपेठ
हे सगळीकडे घडतं. मी काउंटरवरच्या मुलांना शिकवून ठेवलंय की बाईच्या चिठ्ठीत टॅमसुलोसिन दिसलं तर "मुतखडा आहे का?" एवढंच विचारायचं.

काडेपेटी
माझ्या सासऱ्यांनी पडलेला खडा काडेपेटीत कापसावर ठेवलाय. घरात पाहुणा आला की पोह्यांच्या आधी तो दाखवतात. नवीन सुनेच्या माहेरच्यांनाही दाखवला.

डॉ_मृगधारा
काडेपेटी, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि तो खडा तपासणीला पाठवायला सांगा! गमतीने लिहीत नाहीये. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा की युरिक ॲसिडचा यावर पुढचं पथ्य आणि औषध ठरतं. युरिक ॲसिडचा असेल तर लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या सायट्रेटच्या औषधाने तो विरघळूही शकतो, कॅल्शियमचा विरघळत नाही. खडा पडायची वाट बघणाऱ्यांनी लघवी गाळणीतून करावी. गाळणी वेगळी ठेवा, नाहीतर चहाचे वांधे.

आणि कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असं नाही. कधीकधी खडा तसाच राहतो, दुखणं थांबतं आणि मूत्रपिंड आतल्या आत निकामी होत जातं. दुखो न दुखो, सांगितलेल्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी करायचीच.

निशिगंध
उलटीच्या औषधाबद्दल एक सावधगिरी. माझ्या मुलाला, कॉलेजात आहे, कळेत दवाखान्यात मेटोक्लोप्रॅमाइडचं इंजेक्शन दिलं. काही वेळाने मान एका बाजूला वळून ताठ झाली, डोळे वर गेले, जीभ जड. आम्हाला वाटलं फीट आली. तिथल्या डॉक्टरांनी लगेच ओळखलं, फेनरगनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात सगळं पूर्ववत झालं. आता त्याच्या फाइलवर लाल अक्षरांत लिहिलंय.

दोहाकर
निशिगंध, तरुणांत हे जास्त दिसतं. म्हणूनच हल्ली बरेच ठिकाणी आधी ओंडानसेट्रॉन देतात. त्याने बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखतं आणि हृदयाच्या ठोक्यांचा विशिष्ट विकार असलेल्यांना ते चालत नाही. जिभेवर विरघळणारी गोळी मिळते. पाणी प्यावं लागत नाही हा तिचा फायदा. पण औषध लाळेबरोबर गिळलं जाऊनच अंगात भिनतं, म्हणून उलट्यांनी जोर धरण्याआधी, पहिली मळमळ जाणवताच ठेवायची.

कोकणसडा
सगळ्यांचे मनापासून आभार. इथलं वाचून यूरॉलॉजिस्टना फोन केला. त्यांनी सपोझिटरी लिहून दिली आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितलं, ते व्यवस्थित आलं. मग गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सगळे कागद दाखवून आले. ते म्हणाले, "डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आमच्याकडे असतं, चिपळूणला पळण्याआधी इथे या." इतक्या जवळ इलाज होता हे आम्हाला सुचलंच नव्हतं. रात्री गरज पडली तर १०८ ला फोन करायचा, त्या गाडीत डॉक्टर असतात.

आता ठरलंय ते असं: कळेची चाहूल लागली की ओंडानसेट्रॉन जिभेवर, लगेच सपोझिटरी, कमरेला गरम पाण्याची पिशवी. घेतल्याची वेळ कागदावर लिहायची. तासाभरात उतार नाही तर आरोग्य केंद्र. ताप, थंडी, लघवी बंद यांपैकी काहीही झालं तर थेट चिपळूण.

एक राहिलं. ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, टेल्मिसार्टन आणि सोबत लघवीचं औषध, एकाच गोळीत. ती चालू ठेवायची ना?

डॉ_मृगधारा
फार चांगली तयारी केलीत. गरम पिशवीचा खरंच उपयोग होतो, फक्त फडक्यात गुंडाळून.

बीपीचं विचारलंत ते बरं झालं. टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि डायक्लोफेनॅक ही तीन एकत्र आली आणि वर उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, तर मूत्रपिंडाचं काम एकदम घसरू शकतं. शिवाय टॅमसुलोसिननेही बीपी थोडं खाली येतं. आपणहून गोळी बंद करू नका. पण आजच फोन करून विचारा की ज्या दिवशी उलट्या होतील आणि डायक्लोफेनॅक घ्यावं लागेल त्या दिवशी बीपीची गोळी घ्यायची की वगळायची. उत्तर मिळेल ते त्याच कागदावर लिहा. आणि आरोग्य केंद्रात गेलात तर सपोझिटरी किती वाजता दिली ते आधी सांगा, त्यावर इंजेक्शनची मात्रा ठरेल.

कोकणसडा
लगेच फोन करते.

औषधपेठ
ताई, सपोझिटरी फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. कोकणातल्या उकाड्यात कपाटात ठेवलीत तर मऊ पडते आणि ऐन वेळी हातात मोडते. मऊ पडलेली असेल तर वेष्टनासकट थोडा वेळ गार पाण्यात धरा, पुन्हा घट्ट होते.

रानभूल
भावासाठी आज हीच आणायला चाललेय. औषधपेठ, याला चिठ्ठी लागते का?

औषधपेठ
लागते. डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि त्यांना अल्सर किंवा दमा नाही ना हेही तिथेच बोला.